लग्गी सुरू होईपर्यंत : त्रिलोक गुर्टूचं ड्रमिंग

त्रिलोक गुर्टूवर मराठीत कधी काही छापून आलंच, तर पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ठुमरीच्या सम्राज्ञी शोभा गुर्टू यांचा मुलगा. दुसरं वाक्य म्हणजे यादी. जॉन मॅक्लॉफ्लिन, जो झाविनुल, पॅट मेथिनी, यान गार्बारेक, डॉन चेरी. तिसऱ्या वाक्यात 'फ्यूजन' येतं, चौथ्यात पूर्व-पश्चिम मीलन, आणि लेख संपतो. हा माणूस नेमकं वाजवतो काय, ते राहूनच जातं.

मला त्यातलं पहिलं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. आपण ते वंशावळ म्हणून वाचतो. ते वादनाबद्दलचं विधान म्हणून वाचलं पाहिजे. गुर्टू ज्या ड्रमिंगसाठी जगभर ओळखला गेला, त्याची घडण ठुमरीच्या साथीत आहे. आणि दुसऱ्या वाक्यातली ती मोठमोठ्या नावांची यादी, जिचा आपल्याला एवढा अभिमान वाटतो, तीच बँडलीडर म्हणून त्याची कमजोरी आहे. या लेखात एवढंच मांडायचं आहे.

एक विनंती आधीच करतो. यातलं काही ऐकणार असाल तर फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या इवल्याशा स्पीकरला डग्ग्याचा खालचा आवाज पेलत नाही, आणि गुर्टूचं अर्धं बोलणं तिथेच चालतं. इअरफोन लावा.

त्रिलोकचा जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९५१चा. आई शोभा गुर्टू, म्हणजे बेळगावच्या भानुमती शिरोडकर. आजी मेनकाबाई शिरोडकर व्यावसायिक नर्तकी होत्या आणि गाणं उस्ताद अल्लादियाखाँकडे शिकल्या होत्या. शोभाताईंचं स्वतःचं शिक्षण कोल्हापुरात अल्लादियाखाँचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे सुरू झालं. पुढे उस्ताद घम्मनखाँ मुंबईत त्यांच्या घरी राहून मेनकाबाईंना ठुमरी-दादरा शिकवत, आणि तिथून शोभाताईंचा ओढा त्या बाजूला वळला. म्हणजे ख्यालाची तालीम, ठुमरीचा जीव आणि घुंगरांचा आवाज, तिन्ही एका घरात. त्या घरातल्या पोराने तबला हातात घेतला. त्याचे गुरू अब्दुल करीम. सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य ड्रम सेट आला आणि जॅझचं वेड लागलं. रॉकच्या रेकॉर्डही तो ऐकायचा. स्टुडिओत एकावर एक थर चढवून रेकॉर्डिंग करतात हे तेव्हा त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे चार जणांचं वादन एकट्यानेच वाजवायचं असतं असं समजून तो ते शिकत गेला, असं त्यानेच एका मुलाखतीत सांगितलं आहे. गैरसमजातून तंत्र तयार झाल्याचं इतकं चांगलं उदाहरण मी दुसरं ऐकलेलं नाही.

आता ठुमरीकडे येऊ. ठुमरीच्या मैफिलीत तबलजी बराच वेळ जवळजवळ काहीच करत नाही, असं वरवर वाटतं. दीपचंदीच्या चौदा मात्रांचा किंवा जतचा संथ ठेका तो धरून ठेवतो. गाणारी एकच शब्द दहा तऱ्हांनी वळवत असते, कधी रुसून, कधी आर्जवाने. तबलजीने तिच्या वाटेत यायचं नसतं. पण त्याने झोपायचंही नसतं. तिने शब्द कुठे सोडला, श्वास कुठे घेतला, तिथे डग्ग्याची एक बारीकशी मींड देऊन 'ऐकतोय' एवढं सांगायचं असतं. हे बराच वेळ चालतं. आणि मग शेवटाकडे गाणारी मुखडा धरून थांबते आणि तबला सुटतो. ताल केरव्यात जातो, लय दुप्पट होते, बोटांना मोकळं रान मिळतं. ही लग्गी. इतका वेळ आवरून धरलेलं सगळं काही मिनिटांत बाहेर येतं, मग तिहाई घेऊन तबलजी पुन्हा त्या संथ ठेक्यावर उतरतो, जणू काही झालंच नाही.

लग्गी चांगली वाजवणारे पुष्कळ असतात. लग्गी यायच्या आधीचा वेळ चांगला वाजवणारे कमी. गुर्टू त्या कमी लोकांतला आहे. त्याला 'वेगवान' म्हणून नावाजणाऱ्यांनी याकडेच लक्ष दिलेलं नाही.

हे मला कोणत्या कानाने ऐकू आलं तेही सांगितलं पाहिजे, कारण ते कॉन्सर्ट हॉलमधून आलेलं नाही. मी दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचा. पुणे-सोलापूर रस्त्यावरचा टोलनाका एवढीच आमच्या गावाची जगाला ओळख होती. तिथून यवत ओलांडून पुढे गेलं की चौफुला लागतो, आणि चौफुल्याच्या कलाकेंद्रांतली संगीतबारी अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. ठाऊक सगळ्यांना असते, घरी नाव कोणी काढत नाही. कॉलेजात असताना पोरं तिथे जाऊन यायची आणि घरी सांगताना केडगावला मित्राकडे होतो म्हणायची. त्या बारीत ढोलकी कशी वाजते ते ऐकलेल्या माणसाला लग्गी समजावून सांगावी लागत नाही. बसून अदा चाललेली असते तेव्हा ढोलकीवाला बोटं नुसती टेकवून असतो, नजर बाईच्या खांद्यावर. ती उठली, घुंगरू बोलले की ढोलकी उत्तर देते. सवाल-जवाब. कोण कोणाच्या मागे आहे हे क्षणभर कळत नाही. जॅझमध्येही हे आहे : चार चार बार वाटून घेऊन ड्रमर आणि बाकीचे एकमेकांशी बोलतात. मी जॅझ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तेवढा भाग मला परका वाटला नाही, बाकी सगळं वाटलं.

आणखी एक साम्य आहे, ते फार कोणी बोलत नाही. ठुमरी, लावणी आणि जॅझ, तिन्हींना त्यांच्या त्यांच्या समाजाने बराच काळ दारातून आत घेतलं नव्हतं. न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझच्या सुरुवातीच्या काळातले कितीतरी वादक बदनाम वस्तीत पोट भरत. ठुमरीवर कोठ्याचा शिक्का होता आणि अजूनही तिला 'उपशास्त्रीय' म्हणत एक पायरी खाली बसवलं जातं. शोभाताईंना २००२ मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. तिन्हींमध्ये ताल हा नाचणाऱ्या किंवा गाणाऱ्या शरीराला बांधलेला आहे, कागदावरच्या हिशेबाला नाही. गुर्टूच्या १९९८ सालच्या एका अल्बमचं नाव 'कथक' आहे. परदेशी बाजारासाठी असं नाव ठेवणारे खूप असतात. ज्याची आजी नर्तकी होती त्याने ते ठेवलं तेव्हा मला ते बाजारू वाटत नाही.

मुंबईतल्या जॅझची नेहमीची वाट गोव्याहून यायची. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोवेकर वादक हॉटेलांत वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. गुर्टूची वाट वेगळी. तो तबल्याच्या बाजूने जॅझमध्ये शिरला आणि थेट युरोपला गेला. १९७७ सालच्या 'अपो-कॅलिप्सो' या एम्ब्रियो नावाच्या जर्मन बँडच्या रेकॉर्डवर तो आहे, आणि आईसुद्धा. मायलेक एकत्र, एका जर्मन रॉक बँडसोबत! त्याच काळात तो चार्ली मारियानो, टेर्ये रिप्दाल आणि डॉन चेरी यांच्याबरोबर वाजवू लागला.

डॉन चेरीबद्दल थोडं थांबायला हवं. हा अमेरिकी ट्रम्पेटवाला ऑर्नेट कोलमनच्या बँडमधून पुढे आला आणि नंतर स्वीडनमध्ये स्थिरावला. बायको मोकी कापडातून चित्रं घडवणारी कलाकार. दोघांनी १९७० साली दक्षिण स्वीडनमधल्या टोगार्प या खेड्यातली एक जुनी शाळेची इमारत घेतली आणि तिथेच संसार, तालीम, पोरांच्या कार्यशाळा, सगळं चालवलं. तिथे भारतीय तंबोरा, आफ्रिकी दोरवाद्यं, मुलांची गाणी, कशालाच 'परकं' म्हणून वेगळं टेबल नव्हतं. गुर्टूला चेरीकडून काय मिळालं याचा अंदाज मी त्याच्या नंतरच्या कामावरून करतो : आपली भाषा बोलायची परवानगी मागावी लागत नाही, हा विश्वास. तबला कुठेतरी 'एक्झॉटिक' रंग म्हणून वापरायचा नसतो. तो ड्रम सेटचा भाग होऊ शकतो.

ते त्याने अक्षरशः केलं. नेहमीचा ड्रमर स्टुलावर बसतो. गुर्टूने स्टूलच काढून टाकलं. तो जमिनीवर अर्धवट गुडघ्यावर बसून वाजवतो, भोवती टॉम, झांजा, तबला-डग्गा, कोंगा, छोटे घंटे. आणि एक पाण्याची बादली. वाजवलेली झांज किंवा शिंपल्यांची माळ तो पाण्यात बुडवतो आणि सूर वाकत वाकत खाली जातो. लोक बादली बघून हसतात, गंमत म्हणून व्हिडिओ शेअर करतात. मला त्यात डग्गा ऐकू येतो. मनगट दाबून डग्ग्याचा सूर चढवणं-उतरवणं हे तबलजीच्या हाडात असतं. धातूच्या झांजेला ते जमत नाही. पाण्यात बुडवल्यावर जमतं.

जमिनीवर बसण्याचाही हिशेब आहे. स्टुलावरच्या ड्रमरचे पाय निम्मं काम करतात, लयीचा पाया पेडलवर असतो. खाली बसलं की बराच भार हातांवर आणि बोटांवर येतो. काठीने मारलेला ठोका आणि बोटाने काढलेला बोल एकाच ओळीत, एकाच श्वासात येऊ शकतात. म्हणून त्याचं ड्रमिंग ऐकताना बोल ऐकू येतात. कित्येकदा तो ते तोंडानेही म्हणतो.

१९८४च्या नोव्हेंबरमध्ये ऑरेगॉन या अमेरिकी बँडचा कॉलिन वॉल्कॉट पूर्व जर्मनीत अपघातात गेला. वॉल्कॉट सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकलेला. त्याच्या जागी काही काळाने गुर्टू आला. म्हणजे जॅझमध्ये तबला वाजवणाऱ्या अमेरिकी माणसाची जागा तबल्यावरून जॅझकडे आलेल्या मुंबईकराने घेतली. 'इकोटोपिया' (१९८७), 'फॉर्टीफिफ्थ पॅरलल' (१९८९) आणि 'ऑलवेज, नेव्हर अँड फॉरेव्हर' (१९९१) असे तीन अल्बम त्याने त्यांच्याबरोबर केले. रेकॉर्ड सुरेख आहेत, पण तिथे तो पाहुण्यासारखा नीटनेटका वागतो. मला फार काही सांगण्यासारखं सापडलं नाही.

सांगण्यासारखं आहे ते मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटाबद्दल. मॅक्लॉफ्लिनची अकूस्टिक गिटार, बेसवर आधी स्वीडिश यूनास हेलबोर्य, मग काय एकहार्ट, आणि गुर्टू. २७ नोव्हेंबर १९८९ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाची रेकॉर्ड माझ्या मते गुर्टूचं सर्वोत्तम काम आहे, आणि तिच्यावर नाव मॅक्लॉफ्लिनचं आहे.

'ब्लू इन ग्रीन' ही संथ रचना ऐका. गिटार एकेक सूर सोडत जाते आणि गुर्टू जवळजवळ गप्प. अधूनमधून कुठेतरी काहीतरी चमकतं, घासतं, विरून जातं. जॅझ ड्रमर अशा ठिकाणी ब्रशने स्नेअरवर सलग लय फिरवत राहतो, तो त्या संगीताचा रिवाज आहे. गुर्टू लय फिरवत नाही. तो गिटारच्या श्वासावर बसून राहतो. ही ठुमरीची साथ आहे. कोणी मला विचारलं की तबल्याचा एक बोल न वाजवता तबलजी कसा ओळखू येतो, तर मी हे ऐकवेन. आणि मग 'मदर टंग्ज' नावाची लांबलचक रचना येते, त्यात तो एकटा सुटतो : बोल, हात, बादली, सगळं. आधीचा संयम ऐकलेला असेल तर त्या सुटण्याला वजन येतं. नुसता तेवढाच तुकडा काढून ऐकला तर ती सर्कस वाटेल. इंटरनेटवर नेमका तेवढाच तुकडा फिरत असतो.

आता त्याच्या स्वतःच्या नावावरच्या रेकॉर्ड. पहिली 'उसफ्रेत', १९८८. तिच्यात डॉन चेरी आहे, ऑरेगॉनचा राल्फ टाउनर आहे, व्हायोलिनवर एल. शंकर, बेसवर हेलबोर्य, कीबोर्डवर फ्रेंच दानियेल गोयोन. आणि शोभा गुर्टू. सुरुवातीच्या रचनेचं नावच 'शोभारॉक'. भारतीय बाईचा आवाज त्या काळात पाश्चात्त्य रेकॉर्डवर कसा यायचा ते आठवा : मागून कुठूनतरी धूर आल्यासारखा, शब्द नसलेला, आलापाचा एक तुकडा, वातावरणनिर्मितीपुरता. अगरबत्तीचं काम. 'उसफ्रेत'वर शोभाताई अगरबत्ती नाहीत. त्या ठुमरीवाल्या बाईच्या पूर्ण अधिकाराने गातात, शब्द टाकतात, थांबतात, आणि तो सगळा विजेचा पसारा त्यांच्या थांबण्याची वाट बघतो. साठी ओलांडलेली बाई आणि बेसगिटार यांत कोण कोणाची साथ करतंय याबद्दल शंका राहत नाही. बँडलीडर गुर्टू असेल, पण या रेकॉर्डवर मुख्य कलाकार कोण हे त्यानेच ठरवून दिलं आहे. माझ्या लेखी हे त्याचं लीडर म्हणून सगळ्यात धीट काम, कारण इथे त्याने नेतृत्व म्हणजे साथ असा अर्थ लावला.

पुढे हा अर्थ हळूहळू सुटत गेला. 'लिव्हिंग मॅजिक' (१९९१) वर गार्बारेक आणि नाना वास्कोन्सेलोस, 'क्रेझी सेंट्स' (१९९३) वर झाविनुल आणि मेथिनी. हे दोन्ही अल्बम चांगले आहेत. 'क्रेझी सेंट्स'वर झाविनुल येतो तेव्हा तर खोलीतली हवा बदलते. पण सवय लागली ती इथे. नंतर आफ्रिकेकडे वळून अँजेलिक किजो, सालिफ केइता, मग तुवाचे हून-हूर-तू, इटलीचं आर्के चौकट, गिटारवाला गॅरी मूर. दर रेकॉर्डला नवे पाहुणे, नवा खंड. प्रत्येक पाहुणा दोन गाण्यांपुरता येतो, ओळख होईस्तोवर निघून जातो.

जॅझमध्ये ड्रमर बँडलीडर होण्याची मोठी परंपरा आहे. आर्ट ब्लेकीचे जॅझ मेसेंजर्स घ्या. ब्लेकीने पस्तीसेक वर्षं एकच बँड चालवला, माणसं बदलली, पण बँड शाळेसारखा राहिला. वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, विंटन मार्सालिस त्यातून शिकून बाहेर पडले. पाहुणे बोलावण्यापेक्षा पोरं घडवणं हे ब्लेकीचं नेतृत्व. गुर्टूच्या रेकॉर्ड ऐकताना मला सतत वाटतं की याला तीन-चार जणांचा, दहा वर्षं न तुटणारा संच मिळायला हवा होता. साथीच्या कलेला वेळ लागतो. समोरचा श्वास कुठे घेतो हे दोन दिवसांच्या स्टुडिओत कळत नाही. मॅक्लॉफ्लिनबरोबर कळलं, कारण त्यांनी वर्षानुवर्षं दौरे केले. आईबरोबर तर जन्मापासून कळत होतं.

याची दुसरी बाजू मला दिसते. हॅम्बुर्गमध्ये राहणाऱ्या भारतीय ड्रमरला रेकॉर्ड कंपनी पैसे कशासाठी देणार? कव्हरवर झाविनुलचं नाव असेल तर विकलं जाईल. 'वर्ल्ड म्युझिक' नावाचा दुकानातला कप्पा नव्वदच्या दशकात जोरात होता आणि त्या कप्प्याला देशांची नावं हवी असत. 'डाउनबीट'च्या समीक्षकांनी त्याला पर्कशनच्या यादीत पुन्हा पुन्हा वर ठेवलं, तेही 'पर्कशन'च्या, ड्रमच्या नव्हे. हा फरक किरकोळ नाही. ड्रमर बँडचा कणा असतो, पर्कशनवाला मसाला. २०११ सालच्या त्याच्या अल्बमचं नाव 'ट्वेंटीवन स्पायसेस' असावं, याची मला गंमतही वाटते आणि जरा टोचतंही. हॅम्बुर्गची एनडीआर बिग बँड आणि रॉक ड्रमर सायमन फिलिप्स यांच्याबरोबरचा तो अल्बम आहे. दोन ड्रमर आणि एवढी पितळी फौज, सगळीकडून लग्गीच लग्गी. ठेका धरायला कोणी मोकळं नाही.

'स्पेलबाउंड' (२०१३) मात्र मी परत परत ऐकतो. तो ट्रम्पेटवाल्यांना वाहिलेला आहे आणि मनाने डॉन चेरीला. पाहुणे इथेही खंडीभर आहेत : निल्स पेटर मोल्वेर, इब्राहिम मालूफ, पाओलो फ्रेसू, अँब्रोज अकिनमुसिरे. फरक एवढाच की सगळे एकच वाद्य वाजवतात. त्यामुळे गुर्टूला दर गाण्यात एकच काम करावं लागतं, आणि ते त्याला जन्मजात येतं : समोर एक गळा आहे, तो दम कुठे घेतो ते ऐकायचं. ट्रम्पेटही शेवटी श्वासच. मालूफचं ट्रम्पेट अरबी स्वरांसाठी एक जादा झडप लावलेलं आहे, त्यातून पाव सूर निघतात, आणि तो एखादी जागा घेतो तेव्हा गुर्टूचा डग्गा खालून हलकेच वर चढतो. तिथे ड्रम सेटवर बसलेला साठीचा माणूस दीपचंदी वाजवत नसतो, पण बसलेला तसाच असतो.

शोभाताई २७ सप्टेंबर २००४ला गेल्या. २०१९ मध्ये गुर्टूचा अल्बम आला, 'गॉड इज अ ड्रमर'. नाव मोठं आहे आणि पाहुणेही आहेतच. सुरुवात त्याच्यापासून करू नका. आधी 'उसफ्रेत'मधली आई ऐका, मग रॉयल फेस्टिव्हल हॉलमधलं 'ब्लू इन ग्रीन'. 'मदर टंग्ज' त्यानंतर. आणि पुण्याहून सोलापूरच्या बाजूला कधी येणं झालं तर चौफुल्याला थांबा, ढोलकीवाल्याच्या बाजूची जागा धरा.